४८ हजारांचं पॅकेज आणि स्क्रूंचे डबे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. गोळ्या नियमित चालू आहेत. गेल्या दोन वर्षांत आवाज ऐकू आलेले नाहीत, संशयही गेला. पण तो पूर्वीचा राहिला नाही. आईने दूध, कोथिंबीर आणि साबण सांगितला तर फक्त दूध घेऊन येतो. पिक्चर अर्धा झाला की विचारतो, ‘हा कोण?’ बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने एकदम चार वस्तू मागितल्या की हा गडबडतो आणि आत निघून जातो. दुपारी मात्र एकटाच बसून स्क्रू-वॉशर मापाप्रमाणे डब्यांत लावत असतो. आत्या म्हणते, आजार बरा झालाय, आता आहे तो निव्वळ आळस. गेल्या महिन्यात एक माणूस घरी येऊन गेला. कॉम्प्युटरवर रोज तासभर ‘ब्रेन एक्सरसाइज’, सहा महिन्यांचे ४८ हजार, लॅपटॉप आपला. स्मरणशक्ती पूर्ववत होईल, गोळ्याही हळूहळू सुटतील, असं सांगून गेलाय. बाबा एफडी मोडायला निघालेत. मोडू द्यावी का?
— एक बहीण, कराड

ताई, एफडी मोडू देऊ नका. बाबांना आधी तेवढा फोन करा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

पण त्या माणसाने आणलेलं सगळंच थोतांड आहे, असंही मी म्हणणार नाही. कॉम्प्युटरवरच्या सरावाने स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाचं लक्ष आणि स्मरण थोडं सुधारू शकतं, हे खरं आहे. ‘पूर्ववत’ आणि ‘गोळ्या सुटतील’ हे त्याने पदरचं घातलेलं आहे. दूध आणि पाणी वेगळं करून बघू.

आधी आत्यांचं. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं, म्हणजे तीनपैकी दोन वस्तू विसरणं, गोष्टीचा धागा सुटणं आणि चार मागण्या एकदम आल्या की गडबडणं, ही आजाराचीच आहेत. आवाज आणि संशय घरच्यांना दिसतात, शेजाऱ्यांनाही दिसतात, म्हणून आपण त्यांनाच आजार समजतो. त्यांच्याखाली आणखी एक थर असतो. लक्ष टिकत नाही, ऐकलेलं डोक्यात चार क्षण धरून ठेवता येत नाही, विचारांचा वेग मंदावतो, कुठून सुरुवात करायची ते ठरत नाही. गोळ्या आवाजांवर चांगलं काम करतात, पण या थरापर्यंत फारशा पोचत नाहीत. खास यासाठी म्हणून एक औषध बरीच वर्षं तपासलं जात होतं, त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निकाल जानेवारी २०२५मध्ये आले. उपयोग दिसला नाही.

‘गोळ्यांमुळेच डोकं बधिर झालंय’ असंही घरात कुणीतरी म्हणत असेल. प्रत्येक घरात एक जण म्हणतोच. या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध आलं १९५२मध्ये. त्याच्या अर्धशतक आधी क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी या आजाराला जे नाव दिलं होतं, त्याचा अर्थच ‘अकाली बुद्धिऱ्हास’ असा होता. गोळ्या नव्हत्या तेव्हाही हा त्रास होताच. (ते नाव टिकलं नाही ते बरंच झालं. बुद्धी जात नाही, ती वापरायला जो टेकू लागतो तो डळमळतो.)

गोळ्यांपैकी एका गोळीबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. हात थरथरणं किंवा अंग आखडणं कमी व्हावं म्हणून बऱ्याच रुग्णांना मूळ औषधाबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल दिलं जातं. चिठ्ठीवर बहुतेक ‘पॅसिटेन’ लिहिलेलं असतं. या जातीच्या औषधांचा स्मरणावर परिणाम होतो. अशा औषधांचा भार ज्यांच्या शरीरात जास्त होता, त्यांना कॉम्प्युटरच्या सरावाचा फायदा कमी झाला, असं २००९च्या एका अभ्यासात दिसलं होतं. कधीकाळी सुरू झालेली ही गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहिलेली मी पाहिली आहे, केवळ कुणी विचारलं नाही म्हणून. पुढच्या ओपीडीला विचारा, ‘ही अजून लागते का? कमी करता येईल का?’ स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी कमी करू नका, हीसुद्धा नाही.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. या प्रकाराला डॉक्टर मंडळी ‘कॉग्निटिव्ह रेमेडिएशन’ म्हणतात. हे नाव लिहून ठेवा, पुढे विचारायला लागेल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गाजलेल्या प्रयोगात ५५ रुग्ण होते. अर्ध्यांनी १० आठवड्यांत ५० तास कानाचा व्यायाम केला. दोन सूर ऐकायचे आणि प्रत्येक सूर चढला की उतरला ते सांगायचं. जमायला लागलं की सूर आखूड होतात, अंतर कमी होतं. मग ‘बा’ की ‘दा’, मग शब्द, मग गोष्टी. उरलेल्या अर्ध्यांनी तेवढेच तास साधे कॉम्प्युटर गेम खेळले. पहिल्या गटाचं ऐकलेलं लक्षात ठेवणं सुधारलं, गेमवाल्यांचं तेवढं नाही. कल्पना अशी की ऐकतानाच अक्षरं पुसट उमटत असतील तर आठवणार कुठून? मला ही कल्पना अजूनही आवडते. पण त्यातले शब्द अमेरिकन उच्चारातले असतात. कराडच्या मुलाने अमेरिकन तोंडून आलेला शब्द नीट ओळखला नाही, तर चूक कानाची की भाषेची हे कोण सांगणार? तुमच्याकडे आलेल्या माणसाला एवढं जरी विचारलंत की ‘मराठीत आहे का?’ तरी पुष्कळ कळेल.

एका प्रयोगावर विसंबू नये म्हणून एकत्रित आढावे घेतात. २०११च्या आढाव्यात ४० अभ्यास आणि २,१०४ माणसं होती, परिणाम मध्यम निघाला. २०२१च्या आढाव्यात १३० अभ्यास आणि ८,८५१ माणसं होती. त्यात परिणाम आणखी लहान निघाला, पण होता. या ‘लहान’चा अर्थ साध्या भाषेत सांगते. सराव न केलेल्या शंभर जणांना ओळीत उभं करा आणि मधला माणूस पकडा. सराव केलेल्या शंभरांपैकी साधारण ६१ जण त्याच्या पुढे असतात. सरावाचा काहीच उपयोग नसता तर ५० असते. म्हणजे फायदा आहे, पण तो ‘पूर्ववत’ नाही. रोजच्या जगण्यातला फायदा याहूनही थोडा कमी भरला. आणि २०११च्या आढाव्यात भास-संशयासारख्या लक्षणांवर जो किंचित परिणाम दिसला होता, तो सराव थांबल्यावर टिकला नाही. तेव्हा गोळ्या सुटण्याचा प्रश्नच येत नाही. गोळ्या सोडायला सांगणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. या आजारात गोळी सुटली की आजार परत उसळण्याचा धोका किती असतो, ते तुमच्या घराला सांगायला नको.

दोन्ही आढाव्यांत मला सगळ्यांत कामाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सॉफ्टवेअर कुठलं यापेक्षा शेजारी कोण बसलंय याने फरक पडतो. प्रशिक्षित माणूस बरोबर असेल, तो लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवत असेल आणि हे सगळं कामधंद्याच्या, पुनर्वसनाच्या प्रयत्नांना जोडलेलं असेल, तर फायदा जास्त. नुसती बटणं दाबणाऱ्याला कमी. अमेरिकेत सुसान मॅकगर्क यांनी एक कार्यक्रम बसवला, त्यात कॉम्प्युटरची २४च सत्रं असतात, पण नोकरी शोधून देणारा आणि ती टिकवायला मदत करणारा माणूस त्याच टीममध्ये असतो. ज्यांना हे दोन्ही मिळालं, ते नुसती नोकरीची मदत मिळालेल्यांपेक्षा जास्त दिवस कामावर राहिले.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी एका आईकडून शिकले. मी पूर्वी मानसिक रुग्णांच्या एका डे-केअर केंद्रात काम करायचे. तिथे कुणीतरी दान दिलेले दोन जुने कॉम्प्युटर होते. त्यावर एक मुलगा पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवायचा खेळ खेळायचा. चौथ्या पायरीवरून चौदाव्या पायरीवर गेला. मी खूश. पालकसभेत त्याच्या प्रगतीचा आलेख भिंतीवर लावला, चढती रेघ, लाल स्केचपेनने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची आई मागच्या खुर्चीवरून म्हणाली, ‘मॅडम, ते छानच आहे हो. पण काल गॅसवर दूध ठेवून विसरला, पातेलं जळलं.’ मी आलेख तसाच राहू दिला, पण त्या दिवसानंतर तसा दुसरा काढला नाही.

तो मुलगा पत्त्यांत हुशार झाला होता, एवढंच. खेळातलं कसब आपलंआप स्वयंपाकघरात चालत जात नाही, त्याला हात धरून न्यावं लागतं. मग आम्ही चहाची ऑर्डर सुरू केली. केंद्रात आठ माणसं, टपरी कोपऱ्यावर. दोघांना बिनसाखरेचा, एकाला काळा, एकाला कमी दूध, बाकी साधे. कॉम्प्युटरवर शब्दांची यादी लक्षात ठेवताना आम्ही त्याला शिकवलं होतं, की सुटे शब्द धरू नकोस, गठ्ठे बांध, फळं एकीकडे, भांडी एकीकडे. तेच चहाला लावलं: ‘दोन बिनसाखर, एक काळा, एक कमी दूध, चार साधे.’ निघताना एकदा मोठ्याने, जिन्यात एकदा मनात. पहिल्या आठवड्यात रोज काहीतरी चुकायचं आणि मधुमेहवाल्या काकांना साखरेचा चहा मिळायचा. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्यामागून टपरीवर गेले. गर्दी होती, कुणीतरी मध्येच बोललं आणि याचा धागा तुटला. पूर्वी तो तसाच परत आला असता. त्या दिवशी तो टपरीवाल्याला म्हणाला, ‘काका, थांबा. परत सांगतो.’ डोळे मिटले आणि पहिल्यापासून म्हटलं. लक्षात राहणं किती वाढलं होतं कोण जाणे. ‘थांबा’ म्हणता यायला लागलं होतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि मी तीनदा वाचलं: दुपारी तो स्क्रू-वॉशर मापाप्रमाणे लावत बसतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत लक्ष सुधारण्यासाठी जे सराव देतात, त्यातला एक माहीत आहे? धान्य निवडणं. मिसळलेली धान्यं ठरावीक वेळात वेगवेगळी करायची. दुसरा, छापील कागदावरची ठरावीक अक्षरं शोधून खोडायची. तिथे पहिल्याच झटक्यातल्या रुग्णांना असे कागद-पेन्सिलीचे सराव घरी करायला देऊन त्याचा रीतसर अभ्यासही झालेला आहे. तुमचा भाऊ रोज दुपारी जे करतोय ते या धान्य निवडण्याचंच भावंड आहे. ४८ हजारांच्या आधी ते वापरू.

रोज २० मिनिटं, ठरलेल्या वेळी. सुरुवातीला दोनच मापं, एकत्र मिसळलेली. इतकं सोपं असू दे की शंभरातले ऐंशी बरोबर यावेत. चांगली सॉफ्टवेअर याच अंदाजाने चालतात: फार सोपं झालं तर कंटाळा, फार अवघड झालं तर ‘मला जमतच नाही’ हे पुन्हा एकदा सिद्ध. जमलं की तिसरं माप. मग घड्याळ लावून. मग शेजारी रेडिओ चालू ठेवून, कारण दुकान काही शांत नसतं. त्यानंतर उलटं करा. चिठ्ठीवर लिहा, ‘दीड इंची स्क्रू १२, अर्धा इंची एल्बो २, बिजागरी ४’ आणि डब्यांतून काढायला सांगा. ते बसलं की चिठ्ठी एकदा वाचून पालथी ठेवायची. चुकलं तर ‘अरे, असं काय करतोस’ नको, चिठ्ठी सुलटी करून पुन्हा बघू दे. कॉम्प्युटरचं आपल्यापेक्षा एक बरं असतं, तो चिडत नाही. या बाबतीत त्याची नक्कल करायला हरकत नाही.

आणि त्याच दिवशी, त्याच दुपारी, एक खरं गिऱ्हाईक. एकच. काउंटरवर दोरीला पेन बांधलेली वही ठेवा. गिऱ्हाइकाने चार वस्तू सांगितल्या की त्याने म्हणायचं, ‘थांबा, लिहून घेतो.’ हार्डवेअरच्या दुकानात हे कुणालाही विचित्र वाटत नाही, उलट प्लंबर लोक खूश होतात. बाबांनी तेवढा वेळ गल्ल्यावर गप्प बसायचं. मला वाटतं, या सगळ्या योजनेतला सर्वांत कठीण भाग तोच असेल. आईच्या यादीलाही हाच नियम, तिने सांगायचं, त्याने लिहायचं. लिहिणं म्हणजे फसवणूक नव्हे. पाय अधू असेल तर काठी घेतो, तसं.

लॅपटॉप घरात आहेच म्हणता, तर तोही वापरा, पण आठवड्यातून तीनदा पाऊण तास आणि शेजारी कुणीतरी बसून. मेंदूच्या सरावाचे मोबाइलवरचे फुकट खेळही चालतील. महाग म्हणजे गुणकारी असं या बाजारात अजिबात नाही. अमेरिकेत ल्युमोसिटी या बड्या कंपनीने आपल्या खेळांच्या फायद्याचे फुगवून दावे केले, म्हणून २०१६मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने तिच्याकडून २० लाख डॉलर भरून घेतले. खेळ झाल्यावर दोन मिनिटं बोला: ‘आज कुठे अडलास? काय युक्ती केलीस? हीच दुकानात कुठे वापरशील?’ ही दोन मिनिटं वगळलीत तर उरलेली ४३ मिनिटं म्हणजे टाइमपास.

हे घरचं झालं, पण घरचं पुरेसं असेलच असं नाही. त्याच्या डॉक्टरांना थेट नाव घेऊन विचारा, की कॉग्निटिव्ह रेमेडिएशन करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तुमच्या माहितीत कोण आहेत? आधी रीतसर तपासणी करून कोणता भाग कमकुवत आहे ते त्यांनी सांगितलं, तर सराव नेमका देता येतो. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्ण आणि कुटुंबं दोघांसाठी काम करते. कराडहून रोज जाणं शक्य नाही, पण एकदा जाऊन बोलून या. बाकी अडलं तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि त्याला संध्याकाळी भरभर चालायला कुणीतरी न्या, घाम येईल इतकं. दम लागेल अशा व्यायामाने या आजारातही लक्ष-स्मरण सुधारतं असं अभ्यासांत दिसलंय, आणि कृष्णेच्या घाटापर्यंत जायला तिकीट लागत नाही.

एक राहिलं. तुमच्या पत्रात बाबांना काय वाटतं ते आहे, आत्यांना, विक्रेत्याला, तुम्हालाही. भावाला काय हवंय ते नाही. कदाचित त्याला दुकान नकोच असेल. अर्धवट राहिलेलं इंजिनिअरिंग खुपत असेल, किंवा फक्त एक पिक्चर शेवटपर्यंत कळावा एवढंच हवं असेल. ते असेल तर सराव पिक्चरचा करू: वीस मिनिटांनी थांबवायचं, आत्तापर्यंत काय झालं ते त्याने सांगायचं, पुढे चालू. ज्यात जीव आहे त्याचाच सराव माणूस तीन महिने करतो, दुसऱ्यांनी लादलेला आठवडाभर. तेव्हा चिठ्ठ्या लिहायच्या आधी त्याला विचारा. लगेच उत्तर आलं नाही तर थांबा. त्याला वेळ लागतो, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आत्या पुढच्या वेळी आल्या की त्यांना दुकानात बसवा. सहा वस्तूंची चिठ्ठी एकदा वाचायला द्या, पालथी घाला, शेजारी रेडिओ मोठ्याने लावा आणि म्हणा, ‘काढा डब्यांतून.’